गळा किती पुढे?

गेल्या पावसाळ्यात बेहालातल्या माझ्या खोलीवर चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक बाई गाणी ध्वनिमुद्रित करायला आल्या. बारिशाच्या बाजूला राहतात. शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. आयुष्यभर गल्लीतल्या मुलींना रवींद्रसंगीत शिकवलं, पण स्वतःचं एकही गाणं कधी मुद्रित केलं नाही. मुलानं हौसेनं आठ गाण्यांचा खर्च उचलला होता. मी त्यांना मासीमा म्हणतो, त्या मला 'बाबा' म्हणतात. बंगालीत लहान वयाच्या पुरुषाला मायेनं असं म्हणायची रीत आहे; नवा होतो तेव्हा मला त्याचं फार अवघडल्यासारखं व्हायचं. ध्वनिमुद्रण तीन दिवसांत उरकलं. भांडण झालं ते नंतर, मिक्सिंगच्या वेळी, आणि तेही दीड डेसिबलवरून.

दीड डेसिबल म्हणजे नीट कान दिला तर कळेल, न दिला तर कळणार नाही एवढा फरक. मुलगा माझ्या मागच्या खुर्चीत बसला होता. म्हणाला, "दादा, आईचा आवाज लांब सूर धरताना थरथरतो. एसराज जरा वर घ्या, तिचा गळा जरा खाली. झाकलं जाईल." मी घेतला. पाच मिनिटांचं काम. थरथर झाकली गेली आणि गाणं एकदम सभ्य, गुळगुळीत, बाजारात मिळतं तसं वाटायला लागलं. मासीमांना ऐकवलं तेव्हा त्या पहिल्या कडव्याला काही बोलल्या नाहीत. दुसरं संपल्यावर म्हणाल्या, "बाबा, हा एसराज माझ्या अंगावरून का चालतोय?"

त्या वाक्यानं मला बरेच दिवस छळलं. कारण गळा आणि वाद्य यांत कोण कुणाच्या अंगावरून चालतो, यावरून या शहरात एकेकाळी मोठं रण पेटलं होतं आणि एका थोर गायकानं त्यापायी मुद्रणच सोडलं. मी ज्या कामाचं बिल लावतो, त्याचा हा इतिहास आहे. तो मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेला, तसाच सांगतो.

मी आटपाडी तालुक्यातला. आमच्या आटपाडी-खानापूर-विटा पट्ट्यातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली. माझे काका तसेच कोलकात्याच्या बहूबाजारात येऊन बसले. मी त्यांच्या हाताखाली आलो आणि भट्टीपेक्षा शेजारच्या टेप दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात जास्त रमलो. काका काही दिवस चिडले, मग म्हणाले, "तूही गलाईच करतोस की, फक्त आवाजाची." पुढे बेहालात खोली घेतली. भाडं परवडणारं होतं, आणि टॉलीगंजचे सिनेमा स्टुडिओ करुणामयीच्या पुलापलीकडे हाकेच्या अंतरावर. खोली दहा बाय बाराची. डायमंड हार्बर रोडवर मेट्रोच्या खांबांचं काम कित्येक वर्षं रेंगाळलं होतं. जोका ते तारातला गाडी सुरू झाली डिसेंबर २०२२ मध्ये. तोवर माझ्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात त्या कामाची घरघर तळाशी बसलेली असायची. आजही जुनी फाईल उघडली की ती घरघर ऐकून मी साल ओळखतो.

कोलकात्यात हा धंदा सुरू झाला तेव्हा मिक्सिंग नावाची वस्तूच नव्हती. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग इथं गौहरजानचं गाणं मेणाच्या तबकडीवर घेत होते. वीज नाही, मायक्रोफोन नाही. समोर एक कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पडदा आणि सुई. गाणाऱ्यानं कर्ण्यात जवळजवळ तोंड घालायचं, वाद्यांनी मागे बसायचं. तान वर गेली की डोकं मागे घ्यायचं, नाहीतर सुई उडायची. म्हणजे गळा आणि वाद्यांचं प्रमाण ठरायचं ते चटईवर: कोण किती हातांवर बसला, यावर. कर्ण्यात मुळात मधले सूर तेवढे उतरत. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याचा खर्ज बाहेरच राही. आज त्या तबकड्या ऐकताना वाटतं की गाणारी बाई मोकळ्या माळावर एकटीच उभी आहे. ते कुणाच्या सौंदर्यदृष्टीमुळे घडलं नव्हतं, यंत्राला दुसरं काही पेलतच नव्हतं. पण दोन पिढ्यांचे कान त्यावर घडले. गळा पुढे आणि बाकी सगळं मागे, हीच गाण्याची नैसर्गिक रचना, असं लोकांच्या मनात बसलं. १९०८ मध्ये सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला, आणि ही सवय गावोगाव पोचली.

१९२५ नंतर विजेवरचं मुद्रण आलं. मायक्रोफोननं दोन गोष्टी केल्या. कुजबुजल्यासारखं गाणाराही पंचवीस वादकांपुढे ऐकू येऊ लागला, आणि हे प्रमाण ठरवणारा एक तिसरा माणूस जन्माला आला. तो गात नव्हता की वाजवत नव्हता, काचेपलीकडे बसून खुंटी फिरवत होता. कोलकात्यात हा माणूस पहिल्यांदा ठसठशीत दिसतो तो टॉलीगंजच्या न्यू थिएटर्समध्ये. १९३१ मध्ये बी. एन. सरकारांनी ही संस्था काढली. सुरुवातीला नट कॅमेऱ्यासमोरच गायचा आणि वाद्यवृंद चौकटीबाहेर कुठंतरी आडोशाला बसायचा. नट चालता चालता गात असेल तर वादकांनीही मायक्रोफोनचा अंदाज घेत सरकायचं. १९३५ मध्ये नितीन बोस यांच्या 'भाग्यचक्र'मध्ये गाणं आधी मुद्रित करून मग चित्रण करण्याची रीत आली. ध्वनिलेखक मुकुल बोस, संगीतकार रायचंद बोराल. आपण पार्श्वगायन म्हणतो त्याची भारतातली सुरुवात सहसा तिथून मोजतात. इतिहासाच्या पुस्तकांत तिचं महत्त्व नटाला गाता येण्याची गरज संपली, असं सांगतात. माझ्या लेखी तिचं महत्त्व वेगळं आहे. त्या दिवशी गळा देहापासून सुटला, आणि सुटलेल्या गळ्याला किती जागा द्यायची हा प्रश्न पहिल्यांदा मोकळेपणानं विचारता येऊ लागला.

न्यू थिएटर्सच्याच पंकज मल्लिकांनी १९३७ च्या 'मुक्ती'त रवींद्रनाथांच्या संमतीनं त्यांची गाणी चित्रपटात आणली. सोबतीला चित्रपटाचा वाद्यवृंद. शांतिनिकेतनात एसराज आणि तंबोऱ्यावर ऐकलेलं गाणं आता टॉलीगंजच्या थाटात आलं. तोवर वाद कुजबुजीपुरताच होता.

वाद्यांविषयी रवींद्रनाथांची स्वतःची मतं होती, हे १९४० मध्ये हार्मोनियमच्या निमित्तानं जगाला कळलं. त्यांनी आकाशवाणीच्या कोलकाता केंद्राला पत्र लिहून या पेटीविरुद्ध तक्रार केली. आकाशवाणीनं त्याच वर्षी तिला दार बंद केलं, ते सत्तरीच्या दशकापर्यंत. गंमत अशी की हातानं भाता हलवायची, जमिनीवर ठेवून वाजवायची ही पेटी मुळात कोलकात्यातच द्वारकानाथ घोषांनी घडवली होती. मराठी माणसाला हे जरा लागतंच. आमच्याकडे संगीत नाटकात ऑर्गन आणि पेटी गळ्याला सावलीसारख्या चिकटून असत, आणि त्यात कुणाला खटकण्याजोगं काही दिसलं नाही. उलट ऑर्गनवाल्यानं नटाचा सूर उचलून धरला नाही तर पिटातून ओरडा व्हायचा.

१९४१ मध्ये रवींद्रनाथ गेले. त्यांच्या गाण्यांचे हक्क विश्वभारतीकडे होते. तबकडी बाजारात येण्यापूर्वी तिचा नमुना विश्वभारतीच्या संगीत समितीकडे जाई. होकार आला तरच ती छापायची. समिती कशाशी ताडून पाहत असे? स्वरलिपीशी. 'स्वरवितान'चे खंडच्या खंड आहेत. स्वरलिपी करणाऱ्यांत भीमराव शास्त्री हे एक मराठी गृहस्थही होते, हे कळलं तेव्हा मला उगाच बरं वाटलं होतं. मी ते खंड कामासाठी पुष्कळ चाळले आहेत. त्यांत गळ्याचा सूर आहे, ताल आहे, मींड कुठं घ्यायची ते आहे. वाद्यांविषयी काही नाही. एसराजानं कुठं थांबावं, दोन कडव्यांच्या मधे किती मात्रा मोकळ्या सोडाव्यात, गाणं सुरू होण्याआधी काही वाजावं की नाही, याचा निवाडा करायला कागदावर आधारच नव्हता. म्हणजे सूर चुकला की नाही हे समिती दाखवून देऊ शकत होती. वाद्यं जास्त झाली की नाही, हे मात्र सभासदांच्या कानावरच ठरणार होतं.

आणि नेमकं तिथं देवव्रत विश्वास अडकले. कोलकाता त्यांना जॉर्जदा म्हणतं. १९११ चा जन्म, पूर्व बंगालातलं बालपण, ब्राह्मो घर, विमा कंपनीत नोकरी, इप्टात उमेदवारी. ऋत्विक घटकांच्या 'मेघे ढाका तारा'त त्यांचा गळा आहे. रुंद, भरदार, खर्जात रुतलेला आवाज, आणि छातीत दमा. त्यांच्या साठच्या दशकातल्या तबकड्या निघाल्या त्या हिंदुस्थान रेकॉर्ड्सकडून. ही कंपनी १९३२ मध्ये अक्रूर दत्त लेनमध्ये सुरू झाली, आणि खुद्द रवींद्रनाथांनी तिथं येऊन आपला आवाज मुद्रित केला होता. १९६४ पासून समितीचे आणि जॉर्जदांचे खटके उडू लागले. त्यांच्या काही मुद्रणांना मंजुरी नाकारली गेली. कारणांत त्यांच्या गायनपद्धतीवरचे आक्षेप होते, आणि वाद्यसंगीताचा अतिरेक हाही होता. वाद्यं गाण्याच्या भावावर मात करतात, असं म्हणणं होतं. समजुतीची पत्रं गेली-आली, पण सत्तरीच्या सुरुवातीला त्यांनी रवींद्रसंगीत मुद्रित करणंच थांबवलं. जे घडलं ते त्यांनी 'ब्रात्यजनेर रुद्धसंगीत' या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं. व्रात्य म्हणजे वाळीत पडलेला, रुद्ध म्हणजे कोंडलेला. १९८० च्या ऑगस्टमध्ये ते गेले. रासबिहारी अॅव्हेन्यूवरच्या त्यांच्या बिऱ्हाडात शेवटपर्यंत माणसं गाणं ऐकायला येत, असं जुने लोक सांगतात. त्या बैठकींना कुणाची मंजुरी लागत नव्हती.

या प्रकरणात समितीला खलनायक करणं सोपं आहे आणि बंगालीत ते भरपूर झालं आहे. २००९ मध्ये ब्रात्य बसूंनी त्यावर 'रुद्धसंगीत' हे नाटकही केलं. मला समितीची बाजू अगदीच न कळण्यासारखी वाटत नाही. तिच्यासमोर सिनेमा होता, त्यातले पन्नास व्हायोलिनवाले होते. एक दार उघडलं की सगळं आत येईल अशी धास्ती होती. आणि ते झालंही. हक्कांची मुदत पन्नासवरून साठ वर्षं केली गेली होती, म्हणून रवींद्रनाथांची गाणी खुली झाली ती २००१ च्या अखेरीस. २००६ च्या 'द बाँग कनेक्शन'मध्ये त्यांच्या एका गाण्याला जे रूप दिलं गेलं, त्यावरून शहरात पुन्हा आरडाओरडा झाला. तेव्हा बंदी घालू शकणारं कुणी उरलं नव्हतं.

पण मी वकील नाही, फेडर हलवणारा माणूस आहे. म्हणून एकदा रात्री मी जॉर्जदांच्या त्या काळातल्या मुद्रणांच्या उपलब्ध प्रती घेतल्या आणि माझ्या पद्धतीनं ऐकल्या. आवाज इतका लहान केला की खोलीतला पंखा त्याहून मोठा वाटावा. हा आमच्या धंद्यातला जुना उपाय आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की आवाज लहान झाला की माणसाच्या कानातून सगळ्यात आधी खर्ज गळतो. बोलण्याच्या पट्ट्यातले सूर शेवटपर्यंत टिकतात. म्हणून अगदी बारीक आवाजात ऐकल्यावर जे उरतं, तेच गाण्यात खरोखर पुढे असतं. जॉर्जदांच्या गाण्यांत उरला तो त्यांचा गळा. शब्द न् शब्द कळत होता. ते गात असताना एकही वाद्य त्यांच्यावर चढत नव्हतं. वाद्यं होती ती ते गात नव्हते तिथं: सुरुवातीला, कडव्यांच्या मधे, ओळ संपून श्वास घेतला जातो त्या फटीत. माझ्या कानाला तरी तिथं तोलाचा दोष सापडला नाही. भांडण तोलाचं नव्हतंच. गाणारा गप्प असताना गाणं कुणाचं, याचं ते भांडण होतं.

इथं मला मासीमांचा एसराज आठवला, आणि मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ती सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

एसराज हे रवींद्रसंगीतातलं सगळ्यात कुलीन वाद्य. शांतिनिकेतनात त्याला घरच्यासारखा मान. समितीला त्याच्याविषयी तक्रार असण्याचं कारण नव्हतं. पण मिक्सिंगच्या टेबलावर बसलेल्या माणसाला विचारा. दोन आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांत असतील तर दोन्ही मोठे असूनही दोन्ही ऐकू येतात. बासरी उंच, डग्गा खाली, मधे गळा. कुणाची कुणाला अडचण नाही. पण दोन आवाज एकाच पट्ट्यात, एकाच सुरावर, एकाच वेळी आले तर थोरला धाकट्याला गिळतो. एसराज गजानं वाजतो, गळ्यासारखाच लांब सूर धरतो, गळ्याच्याच जागेत राहतो, आणि रवींद्रसंगीतात तो गाणाऱ्याच्या पावलावर पाऊल टाकत त्याच सुरावर चालतो. त्यातून बंगाली ही ओकाराची भाषा. 'अ'सुद्धा ओठ गोल करून येतो, त्यामुळे शब्दांचा भर पाचशे हर्ट्झच्या आसपास घुटमळतो. नेमका तिथंच एसराजाचाही लाकडी दम. पियानोचे दहा ठोके गळ्याच्या फटीत पडले तर गळ्याला काही होत नाही. सबंध ओळभर सोबत चाललेला एक मऊ एसराज मात्र गळ्याला पुसून टाकू शकतो, आणि ऐकणाऱ्याला काही पुसलं गेलंय हे कळतही नाही. त्याला वाटतं, काय सुरेल गातात बाई!

म्हणजे 'वाद्यांचा अतिरेक' वाद्यांची संख्या मोजून कळण्यासारखा नव्हता. जे वाद्य सगळ्यांत निरुपद्रवी मानलं गेलं, तेच गळ्याला सगळ्यांत सहज झाकतं. मासीमांना ध्वनिशास्त्र येत नाही, पण 'अंगावरून' हा शब्द त्यांनी अचूक वापरला होता.

आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेनं सुटला, तेही याच निमित्तानं आठवलं. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. वर्षभर दर आठवड्याला एक, एकूण छप्पन्न गाणी. माडगूळकर आमच्याच तालुक्यातल्या शेटफळ्याचे, त्यामुळे गावाकडे त्याचं कौतुक अंमळ जास्तच. सुधीर फडक्यांनी त्यात मोजकी वाद्यं ठेवली, आणि ती शब्दाला वाट करून देणारी. कथा सांगायची होती. घराघरातल्या रेडिओच्या छोट्या कर्ण्यातून सीतेचा एक शब्द जरी हरवला तरी पुढचा प्रसंग लागणार नाही, ही सक्ती होती. तिथं कुठली समिती नव्हती, कथाच समिती होती. फडक्यांचा उच्चार असा की 'च' आणि 'ज'चे दंत्य घर्षण वाद्यांच्या वर तीन-चार हजार हर्ट्झवर चमकत राहतं, त्याला झाकणारं तिथं काही नाही. मराठी गाण्याचं मिक्सिंग करताना मला अजूनही कमी कष्ट पडतात. व्यंजनं स्वतःची वाट काढतात. बंगालीत स्वर सांभाळावे लागतात.

आणि एक मराठी माणूस या शहराच्या कानांत वेगळ्याच वाटेनं शिरलेला आहे. राजकमलचे ध्वनिमिश्रक मंगेश देसाई. सत्यजित राय आपले काही चित्रपट मिश्रणासाठी त्यांच्याकडे मुंबईला नेत. टॉलीगंजच्या जुन्या लोकांत हे नाव घेतलं की मी कुठला ते कळताच चहा येतो, हा माझा अनुभव. माझं त्यात कर्तृत्व काही नाही.

बेहालात राहणाऱ्याला आणखी एक शिक्षक मिळतो, पूजेचा कर्णा. सावर्ण रायचौधुरींची बारिशातली दुर्गापूजा १६१० पासून चालत आलेली मानतात. ती शांत असते. पण तिच्या चहूबाजूंनी मंडळांचे मांडव, आणि विजेच्या प्रत्येक दुसऱ्या खांबाला लोखंडी कर्णा. ग्रामोफोन कंपनी दर शारदीय पूजेला नवी गाणी काढायची, त्यांची पुस्तिकाही निघायची, 'शारद अर्घ्य' नावाची. हेमंतकुमार, संध्या मुखर्जी, लता मंगेशकर यांची ती गाणी लोकांनी घरात कमी आणि खांबावरून जास्त ऐकली. लोखंडी कर्ण्याला खर्ज येत नाही. तीनचारशे हर्ट्झच्या खालचं सगळं गळून जातं, उरतो गळा आणि एखादं व्हायोलिन. त्या काळचे ध्वनिलेखक गळा इतका पुढे का ठेवत, हे मला पुस्तकातून नाही, सप्तमीच्या रात्री सखेरबाजारच्या चौकात उभं राहून कळलं. गाणं अखेर कुठून ऐकलं जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. आज त्या कर्ण्याची जागा फोननं घेतली आहे. खर्ज त्यालाही नाहीच. मी प्रत्येक गाणं शेवटी फोन उपडा टेबलावर ठेवून ऐकतो. चाळीस हजारांचे स्पीकर भिंतीवर मुकाट लटकत असतात.

तर मासीमा.

त्या वाक्यानंतर मुलगा आणि आई यांच्यात बंगालीत बरंच झालं. मी वायरी आवरण्याचं नाटक केलं. मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं. नातवंडं ऐकणार, परदेशातले भाचे ऐकणार, आईचा सूर डळमळताना का ऐकवायचा? त्याला आई झाकायची नव्हती, आईचं म्हातारपण झाकायचं होतं. मासीमा शेवटी माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "मी पन्नास वर्षं मुलींना सांगत आले की सूर धरवत नसेल तर सोडा, लपवू नका. आता मीच कुणाच्या मागे लपू?"

मी म्हटलं, दोन दिवस द्या.

दोन मिश्रणं करून देणं ही आमची नेहमीची पळवाट: एकात गळा एक डेसिबल वर, एकात एक खाली, गिऱ्हाइकानं निवडावं. या वेळी मी ती काढली नाही. सगळे फेडर खाली ओढले आणि एकट्या गळ्यापासून सुरुवात केली. एरवी मी घाईत तालापासून करतो, गळा शेवटी आणून बसवतो. मग तो पाहुण्यासारखा जिथं खुर्ची रिकामी तिथं बसतो. एकटा गळा ऐकला तेव्हा थरथर भयंकर वाटली. तंबोरा आणल्यावर थोडी कमी. मग लक्षात आलं की ती सगळीकडे नाहीच. आठ गाण्यांत मिळून अकरा जागा होत्या, सगळ्या ओळीच्या शेवटी, जिथं श्वास संपत येतो. तेवढ्या अकरा जागांवर मी एसराज खाली घेतला. नेमका जिथं तो वर हवा होता, तिथंच. मात्र ओळ संपून श्वास घेण्याच्या फटीत त्याला पुन्हा वर येऊ दिलं. त्याच्या पाचशेच्या आसपासच्या पट्ट्यातून थोडं कोरून काढलं, म्हणजे मधल्या ओळीत तो सोबत चालेल पण अंगावरून नाही. गळ्याला दाबून सपाट करणारा कॉम्प्रेसर जवळजवळ काढून टाकला. प्रतिध्वनी कमी केला. तोही झाकणच असतो.

तिसऱ्या दिवशी मासीमा आल्या, मुलगा आला नाही. त्यांना स्पीकरवर ऐकायचं नव्हतं. पिशवीतून त्यांनी स्वयंपाकघरातला आपला छोटा ब्लूटूथ स्पीकर काढला, त्याच्या जाळीवर हळदीचे डाग होते. म्हणाल्या, "मी गाणं भात होईपर्यंत ऐकते, त्यामुळे यावर लाव." लावलं. बाहेर डायमंड हार्बर रोडवर बस अडकून हॉर्न वाजवत होती. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला, शेवटच्या सुरावर, गळा थरथरला आणि एसराज गप्प राहिला. मासीमांनी डोळे उघडले नाहीत. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "इथं मी खरंच एवढी डळमळले?"

"हो, मासीमा."

"मुलाला सांगू नकोस हं, पण हे गाणं मला पुन्हा गायचंय. एसराज तसाच राहू दे. मीच नीट गाते."

पुढच्या गुरुवारी त्या आल्या. चार वेळा गायल्या. चौथ्या वेळी सूर धरला, पण शब्द कोरडा झाला होता. पहिलाच ठेव, म्हणाल्या, आणि मी तो ठेवला.